संगणकावर रोग पडला, तर सहा तासांत वर्दी द्या



ऊस विकास खात्याच्या माणसाने बेणे, लागण आणि खताचे हप्ते सोडून संगणकावर का लिहावे, असे काहींना वाटेल. पण आज उसाची नोंद, तोडचिठ्ठी, काट्यावरचे वजन आणि शेवटी बिलाची रक्कम हे सगळे संगणकातूनच जाते. त्यात रोग शिरला, तर झळ थेट आपल्या चुलीला लागते.

सहकारातलेच उदाहरण घेऊ. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालची, म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातली. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एटीएममध्ये कार्ड घातले की ते यंत्र बँकेला विचारते, खात्यात पैसे आहेत काय, देऊ काय? चोरट्यांनी बँकेच्या संगणकात घातक प्रोग्राम सोडून या वाटेवर आपला खोटा मुनीम बसवला. विचारणा खऱ्या दप्तरापर्यंत पोचायचीच नाही. खोटा मुनीमच परस्पर ‘द्या’ म्हणायचा. काही तासांत २८ देशांतून बनावट कार्डांवर सुमारे १२ हजार वेळा पैसे निघाले, ते ७८ कोटी. देशातून आणखी अडीच कोटी गेले, त्यात कोल्हापूरच्या एटीएममधलेही होते. सोमवारी, १३ तारखेला, हाँगकाँगच्या एका खात्यावर १३ कोटी ९२ लाख पाठवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख! एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले, पण ती मुख्यतः नोटा उचलणाऱ्या साखळीतली माणसे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने २०१९ च्या अहवालात बोट दाखवले ते उत्तर कोरियाकडे. म्हणजे चोर कुठे, बँक कुठे.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चोरीच्या आदल्याच दिवशी, १० ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना इशारा दिला होता की बनावट कार्डांनी एटीएम लुटण्याचा बेत शिजतो आहे. असे इशारे आभाळातून पडत नाहीत. कुठेतरी कोणीतरी काही विपरीत पाहतो आणि वेळेवर कळवतो, तेव्हाच दुसऱ्याला सावध करता येते.

आपल्या देशात हे कळवण्याचे ठिकाण म्हणजे दिल्लीचे ‘सर्ट-इन’, भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथक. ते २००४ पासून काम करते आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब ने त्याला अधिकार दिलेले आहेत. २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे कंपन्या, संस्था आणि सरकारी कार्यालये यांनी अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत तिथे कळवायचे आहे. माहिती अपुरी असली तरी चालते. आहे तेवढी कळवा, उरलेली मागाहून द्या. न कळवणाऱ्यास शिक्षेची तरतूद आहे.

मागे एका सभासद काकांनी मला विचारले, “सायेब, दिल्लीले सांगून आपले पैसे वापस भेटतील काय?” प्रश्न रास्त आहे. पैसे परत आणणे किंवा चोर धरणे हे सर्ट-इनचे काम नव्हे, ते पोलिसांचे. सर्ट-इन आलेल्या वर्द्या एकमेकींशी ताडून पाहते, कोणता रोग कोणत्या वाटेने पसरतो ते ओळखते आणि बाकीच्यांना सावध करते. जुलै २००२ मध्ये लोकरी मावा सांगलीकडे दिसला आणि वाढ्यांबरोबर, बेण्याबरोबर गावोगाव सरकला, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. पानाखालचे पांढरे ज्याला पहिल्यांदा दिसते, त्याचे पीक कदाचित वाचत नाही. शेजाऱ्याचे वाचू शकते.

तरी लोक लपवतात. मुख्य कारण लाज. संस्थेचे नाव खराब होईल, ठेवीदार घाबरतील, संचालक मंडळ विचारेल! मग ओळखीच्या पोराला बोलावून “फॉरमॅट मारून दे बाप्पा” म्हणतात आणि सगळा पुरावा धुऊन निघतो. काणीचे बेट आपण कसे काढतो? आधी काळ्या पट्ट्यावर पिशवी चढवतो, मग कापतो, मग बेट मुळासकट उपटतो. घाईने ओढले तर भुकटी शेतभर उडते. इथेही तसेच. लागण झालेल्या संगणकाची जाळ्याची वायर काढावी, वायफाय तोडावे, म्हणजे रोग शेजारच्या यंत्रात जाणार नाही. पण तो पुसू नये, शक्यतो बंदही करू नये. पडद्यावर काय आले, किती वाजता आले, कोणी काय दाबले, हे कागदावर लिहून ठेवावे.

त्याच आदेशात आणखी दोन गोष्टी आहेत. संगणकाच्या रोजकीर्दी, म्हणजे कोण केव्हा आत आले-गेले त्याच्या नोंदी, १८० दिवस जपायच्या. आणि सगळ्या यंत्रांची घड्याळे सरकारी प्रमाणवेळेशी जुळवायची. ही दुसरी गोष्ट बारीक वाटेल. पण गेटचे घड्याळ आणि काट्याचे घड्याळ जुळत नसले की कोणाची गाडी आधी आली यावरून यार्डात काय गोंधळ होतो, ते आपले चिटबॉय सांगतील.

हे मोठ्या शहरांचे दुखणे आहे, असे समजू नये. मार्च २०२१ मध्ये एमआयडीसीच्या संगणकांवर खंडणीखोरांचा हल्ला होऊन कामकाज अडले. अमरावती-अकोल्याच्या उद्योजकांना याच महामंडळाच्या दप्तरी जावे लागते.

आता कोणी कुठे कळवावे? एखाद्या सभासदाच्या खात्यातून ओटीपी विचारून पैसे गेले, तर त्याने क्षणभर न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला व पोलिसांना सांगावे. रक्कम पुढच्या खात्यातून निघण्याआधी तक्रार पोचली तरच ती अडवता येते. संस्थेच्या संगणकावर घाला पडला, मग ती विविध कार्यकारी सोसायटी असो, पतसंस्था असो की कारखाना, तर पोलिसांबरोबर सर्ट-इनलाही कळवावे. त्यांचा निःशुल्क फोन १८००-११-४९४९. गट ऑफिसातल्या कारकुनाने हा क्रमांक संगणकात नव्हे, भिंतीवर लिहून ठेवावा. संगणकच बंद पडला तर तो दिसायचा कुठून?