ग्रंथपालाची शिफारस व मुक्ताबाईचे चरित्र

पूर्वीचे एदलाबाद, तेच हल्लीचे मुक्ताईनगर. कोथळी व मेहूण ही मुक्ताबाईची स्थाने जवळच असल्याने येथील प्रौढ वाचकाने ग्रंथपालाजवळ तिचे एखादे नवे चरित्र मागावे, हे स्वाभाविकच होय. 1967 च्या कायद्यान्वये ग्रंथालयांस अनुदान मिळते. शासनमान्य ग्रंथांची यादीही निघते. परंतु यादी नाव सांगते, आधार सांगत नाही.

मुक्ताबाईच्या समाधीचा (परंपरेने शके 1219) वृत्तांत चरित्रकार बहुधा नामदेवाच्या नावावरील अभंगांवरून देतात. नामदेवाच्या छापील गाथांत विष्णुदास नामा आदि उत्तरकालीन कवींची रचना मिसळली आहे, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. सामान्य वाचकास ते कोणी सांगावे? आमच्या मते ग्रंथपालाने. संपादकाने कोणती पोथी पाहिली, तिचा लेखनशक काय, पाठभेद दिले आहेत किंवा नाहीत, एवढे प्रस्तावनेवरून पाहून मगच शिफारस करावी. ज्या ग्रंथात यांपैकी काहीच नाही तो भाविकाने खुशाल वाचावा. इतिहास म्हणून तो पुढे करू नये.

पोथीची पृच्छा करण्याची सवय लागलेला वाचक घरचे जुने बाड तापीत सोडण्यापूर्वी धुळ्यास, 1927 साली स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळात, दाखवावयास नेण्याचा संभव अधिक.