दुकानाच्या मापाची सुतारकी

पाडव्याच्या मुहूर्तावर नवं दुकान उघडायचं ठरलं की सगळ्यात आधी तारीख विचारावी लागते ती सुताराला. जागेचा करार झाला, माल ठरला, पाटी रंगली, तरी मांडणी उभी राहिल्याशिवाय दुकानात काही लावता येत नाही. म्हणून गणपती गेले की दुकानांची कामं घेणाऱ्या सुतारांकडे रात्री उशिरापर्यंत रंधा आणि करवत चालू असते. यातली पुष्कळ वर्कशॉप एकट्या माणसाची आहेत. माप तोच घेतो, लाकूड तोच निवडतो, कापतो, जोडतो, पॉलिश मारतो आणि टेम्पोत घालून दुकानात नेऊन बसवतोही तोच. या कामाचा हा आढावा. माझं म्हणणं आधीच सांगतो. तयार मांडणीच्या आजच्या काळातही या कामाची गरज आहे आणि ते टिकवता येईल. मात्र त्याची किंमत चौरस फुटावर ठरवण्याची आपली सवय मोडली पाहिजे.

फळ्यांपासून काचेपर्यंत

रोलिंग शटर येण्याआधी बाजारपेठेतलं दुकान बंद करायचं म्हणजे उंबऱ्यातल्या आणि वरच्या तुळईतल्या खोबणीत उभ्या फळ्या एकामागून एक सरकवायच्या. फळ्यांवर आकडे घातलेले असत. क्रम चुकला की शेवटची फळी बसत नसे. आत गादी, तक्क्या, पुढ्यात उतरतं मेज आणि मेजाखाली गल्ला. गिऱ्हाईक ओट्यावर बसे, माल मागच्या खणांतून काढून पुढ्यात मांडला जाई. काष्ठौषधीच्या दुकानात छोट्या खणांची भिंत, सराफाकडे कुलपाचे खण, कापडवाल्याकडे थानांसाठी खोल आणि रुंद फळ्या. धंदा काय आहे हे मांडणीवरूनच कळे.

पुढे शहरांत गिऱ्हाईक पायताणांसह आत येऊ लागलं, दुकानदार उभा राहिला आणि काउंटर आला. काउंटरला काच बसली आणि मागची कपाटंही काचेची झाली. त्याच सुमारास परदेशी कारखान्यांचं लाकूडकामही इथे पोहोचलं. व्हिएन्नाच्या थोनेत कंपनीने १८५९ मध्ये काढलेली वाकवलेल्या लाकडाची १४ नंबरची खुर्ची सहा भागांची होती आणि सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. त्या धाटणीच्या खुर्च्या मुंबईच्या इराणी हॉटेलांची ओळख ठरल्या. सुटे भाग आणून जोडायचं फर्निचर ही काही आजची गोष्ट नाही. पण खुर्ची कुठल्याही हॉटेलात चालते, काउंटर चालत नाही. त्याला त्या दाराची रुंदी, त्या खांबाची जागा आणि तिथे बसणाऱ्या मालकाची नजर कुठवर जाते हे बघावं लागतं. एकट्या सुताराचं काम इथे सुरू होतं.

लाकूड कुठून येतं

आपल्याकडे दुकानाच्या लाकडाचा मान सागवानाचा. त्याच्या अंगात तेल असतं, म्हणून वाळवी सहसा लागत नाही, आणि पावसाळ्यात ते इतर लाकडांपेक्षा कमी फुगतं. आलापल्ली आणि बल्लारपूरच्या पट्ट्यातला साग आजही नावाजलेला आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये इथूनच लाकूड गेलं. ब्रह्मदेशी सागाचा काळ मात्र सरला. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. शिसवीचंही तसंच. शिसवीच्या सगळ्या कुळाचा व्यापार २०१७ पासून आंतरराष्ट्रीय नियमांखाली आला.

आता दुकानाचा मोठा भाग प्लायवूडमध्ये होतो. त्यामागेही इतिहास आहे. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले. त्यानंतर आपला प्लायवूडचा धंदा शेताच्या बांधावर लावलेल्या पॉप्लर आणि निलगिरीवर उभा राहिला. त्याआधीच चिकटवायची पद्धतही बदलली होती. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस गरम करून लावावा लागे. फेविकॉल १९५९ मध्ये बाजारात आला आणि सरसाचं भांडं सुताराच्या चुलीवरून उतरलं.

जाणता सुतार दोन्ही वापरतो. सांगाडा आणि मागची पाठ प्लायची. जिथे हात लागतो, धक्का बसतो, कड झिजते, तिथे सागवानाची पट्टी. पाणी लागणारा भाग असेल, म्हणजे रसवंती, मिठाई किंवा फुलांचं दुकान, तर आयएस ७१० चा शिक्का असलेलं मरीन प्लाय. जुना वाडा किंवा चाळ पाडली की निघणारा सागवान हा तिसरा मार्ग. तो वर्षानुवर्षं वाळलेला असतो, त्यामुळे वळत नाही. मात्र त्यात मोडके खिळे रुतलेले असतात. लोहचुंबक फिरवून ते शोधल्याशिवाय कोणी शहाणा माणूस त्याच्यावर मशिन चालवत नाही.

भिंत सरळ नसते

पेठेतल्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर दुकान असेल तर ओळंबा सोडल्यावर भिंतीच्या वरच्या आणि खालच्या टोकात इंचभर फरक निघणं नवलाचं नाही. कोपरा काटकोनात नसतो, फरशीला उतार असतो. कारखान्यातून आलेलं चौकोनी कपाट अशा भिंतीला लावलं की मागे फट राहते. ती एखाद्या पट्टीने किंवा सिलिकॉन भरून लपवतात आणि पहिल्या पावसाळ्यात तिथे झुरळांची वस्ती होते.

हाताने काम करणारा सुतार काय करतो ते बघण्यासारखं आहे. कपाटाच्या कडेची पट्टी तो आधीच दीड इंच जादा ठेवतो. कपाट पाणसळ लावून सरळ उभं करतो. भिंतीपाशी जिथे सर्वांत मोठी फट असेल तेवढा कंपास उघडतो. कंपासचं एक टोक भिंतीला टेकवून आणि दुसऱ्या टोकाची पेन्सिल पट्टीवर ठेवून वरून खाली ओढत नेतो. भिंतीचा पोक, खड्डा, गिलाव्याचा उंचवटा, सगळं त्या रेषेत उतरतं. रेषेबाहेरचं लाकूड जिगसॉने काढायचं, शेवटचा केसभर भाग रंध्याने. मागची बाजू किंचित जास्त तासायची, म्हणजे पुढची कड भिंतीला घट्ट भिडते. हे काम तासाभराचं असेल, पण कपाट भिंतीतूनच उगवल्यासारखं दिसतं ते त्या तासामुळे.

फळीचा झोल, खणाची फट

दुकानाची मांडणी बिघडते ती बहुतेक दोन ठिकाणी: फळीत आणि खणात.

पुस्तकांच्या दुकानाची फळी घ्या. पुस्तकं जड असतात. एक मीटर फळीवर सहज तीसेक किलो वजन येतं. सारख्या भाराखाली फळीचा झोल तिच्या लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे तीन फुटांची फळी चार फुटांची केली की झोल तिपटीहून जास्त होतो. जाडी वाढवली तर फायदाही तसाच मोठा मिळतो. दुप्पट जाड फळी आठपट कमी वाकते. सुतार हा हिशोब कागदावर मांडत नाही, पण त्याला तो ठाऊक असतो. म्हणून तो अठरा मिलिमीटर प्लायला तीन फुटांच्या आत आधार देतो आणि पुढच्या कडेला दीड इंचाची सागवानी पट्टी उभी लावतो. ती पट्टी शोभा आणते आणि फळीचा कणाही होते. फळीची खोलीही मालावर ठरते. डेमी आकाराच्या पुस्तकाला पुरणारी फळी दिवाळी अंकाला अपुरी पडते आणि अंकाची कड बाहेर येऊन चुरगळते.

खणाची गोष्ट आणखी बारीक. आज बहुतेक खण टेलिस्कोपिक चॅनेलवर चालतात. चॅनेलला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जागा लागते. म्हणजे खणाची रुंदी मोकळ्या जागेपेक्षा बरोबर एक इंच कमी हवी. सुतार सूत मोजतो, आठ सुतांचा इंच. इथे अर्ध्या सुताची चूक झाली तरी खण अडतो किंवा लडबडतो. एका खणाचे भाग पाच: दोन बाजू, पुढा, पाठ, तळ. कोपरे चार. गल्ल्याचा खण दिवसातून शेकडो वेळा उघडतो. त्याचे कोपरे नुसत्या खिळ्यांवर जोडले तर पुढा काही महिन्यांत हातात येतो. डव्हटेलचा सांधा असेल तर दुकानदाराची पिढी बदलते, खण तोच राहतो.

आणि लाकूड स्वस्थ बसत नाही, हेही ध्यानात ठेवावं लागतं. भर उन्हाळ्यात ते आकसतं, श्रावणात फुगतं. सागवानाच्या दोन फूट रुंद अखंड पाटाची रुंदी कोरड्या एप्रिलपासून ओल्या ऑगस्टपर्यंत दोनेक सूत वाढू शकते. तो पाट चारी बाजूंनी स्क्रूने आवळला तर तडा जाणार. म्हणून खालच्या पट्टीतली भोकं लांबट पाडतात, लाकडाला हलायला जागा देतात. लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ हलत नाही. सगळा खेळ रुंदीचा.

पॉलिशचीही निवड दुकान पाहून होते. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने घासलेलं पॉलिश देखणं असतं, पण गरम चहाचा पेला ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं. ते पुन्हा घासून काढता येतं. पीयू पॉलिश टणक असतं आणि डाग सहसा पडू देत नाही. मात्र ते एकदा खरवडलं की दुरुस्तीला पुष्कळ मेहनत पडते. सराफाच्या काउंटरला पहिलं शोभतं, चहाच्या टपरीवजा हॉटेलला दुसरं.

एकट्याची जागा, एकट्याची छाती

प्लायची पूर्ण शीट आठ फूट बाय चार फूट. अठरा मिलिमीटर जाडीची शीट तीस किलोच्या वर जाते, एमडीएफची त्याहूनही जड. ती एकट्याने मशिनवर चढवायची आणि सरळ ढकलायची. आठ फुटी शीट लांबीत चिरायला करवतीच्या आधी आठ फूट आणि नंतर आठ फूट मोकळे लागतात. छोट्या गाळ्यात एवढी लांबी नसते, म्हणून मशिन दाराच्या रेषेत ठेवतात आणि शीट चिरताना ती दारातून बाहेर निघते. पाऊस असला की हे काम थांबतं. तयार कपाट गाळ्याच्या दारातून निघेल आणि दुकानाच्या दारातून आत जाईल का, हाही विचार पहिल्या रेषेपासून करावा लागतो. त्यामुळे मोठी मांडणी तुकड्यांत करून जागेवर बोल्टने जोडतात. बसवायचं काम रात्री, दुकान बंद झाल्यावर.

धुळीबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं. लाकडाच्या धुळीने नाकाचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच निःसंदिग्धपणे नोंदवलं आहे. प्लाय आणि एमडीएफच्या डिंकातला फॉर्मलडिहाइडही त्याच यादीत आहे. मोठ्या कारखान्यात धूळ ओढणारी यंत्रणा असते. एकट्याच्या गाळ्यात बहुतेक वेळा तोंडाला बांधलेला रुमाल असतो आणि त्या रुमालाने बारीक धूळ अडत नाही. चांगला मास्क आणि धूळ ओढणारं साधं यंत्र ही चैन नाही. कामाच्या खर्चात ती धरली गेलीच पाहिजेत.

चौरस फुटाचा घोळ

आता दराकडे येऊ. सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच काउंटर म्हणजे दर्शनी अठरा चौरस फूट. त्यात तीन खण केले तर पंधरा तुकडे आणि बारा कोपरे. बारा खण केले तर साठ तुकडे, अठ्ठेचाळीस कोपरे आणि चॅनेलच्या बारा जोड्या. चौरस फूट मात्र दोन्हीकडे अठराच. दर चौरस फुटावर ठरला की जास्त काम करणारा सुतार तोट्यात जातो. मग तो खण कमी करा म्हणतो, सांधा सोडून खिळा मारतो, आतली बाजू कच्ची ठेवतो. दोष त्याच्या हाताला दिला जातो, आणि त्याला तिथवर ढकलणारा दर तसाच राहतो.

रीतसर अंदाजपत्रकात लाकूड, हार्डवेअर, पॉलिश, वाहतूक, बसवणं आणि सुताराचे दिवस वेगवेगळे लिहिलेले असावेत. मोजमाप घेऊन आराखडा काढायलाही वेळ लागतो. त्याचे पैसे वेगळे द्यावेत. आज कित्येक सुतार आराखडा फुकट काढून देतात आणि गिऱ्हाईक तोच कागद घेऊन स्वस्त माणूस शोधायला निघतं.

सरकारी पातळीवर १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत आणि सुतार त्यांत आहे. हत्यारांसाठी पंधरा हजार रुपये, पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि नंतर दोन लाखांचं कर्ज, अशी तरतूद आहे. हत्यारं मिळाली, हे चांगलंच झालं. पण एकट्याच्या वर्कशॉपचा खरा प्रश्न शिकाऊ हाताचा आहे. दरात एकाचंच पोट कसंबसं भरत असेल, तर दोन वर्षं काही न कमावता लाकूड वाया घालवणाऱ्या पोराला तो ठेवणार कसा? आणि पोर ठेवलं नाही, तर कंपास भिंतीवरून कसा ओढायचा हे पुढे कोणाला कळणार? कारखान्यातल्या सीएनसी मशिनने सरळ काम स्वस्त आणि बिनचूक केलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पुष्कळ सुतार आता सरळ भाग तिथून कापून आणतात आणि जोडणी-बसवणी स्वतः करतात. हा मेळ शहाणपणाचा आहे. पण वाकड्या भिंतीपाशी उभं राहून निर्णय घेणारं माणूसच लागतं.

तेव्हा दुकानदारांना एवढंच सांगणं आहे. येत्या वर्षी मांडणी करून घ्याल तेव्हा सुताराला एक दिवस दुकानात बसवा. गिऱ्हाईक कुठे थबकतं, तुमचा हात कुठे पोहोचतो, गल्ला किती वेळा उघडतो हे त्याला बघू द्या. आराखड्याचे पैसे द्या. दर दिवसांवर आणि कामावर ठरवा. खण ओढून बघा, कपाटाच्या पाठीमागे हात फिरवून बघा, आणि काम चांगलं असेल तर पैसे दिवाळीच्या आत चुकते करा.