स्टब, ड्रायव्हर आणि काळ्यांचा ळ

मराठी घेऊन पदवीधर झालेली आमची काही मुले आता इंदूरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत चाचणीचे काम करतात. ‘ड्रायव्हर’ आणि ‘स्टब’ यांना मराठीत काय म्हणावे, असे ती मला विचारतात. शब्द शोधण्याआधी वस्तू कळायला हवी.

विजेचे बिल सर्वांच्या ओळखीचे आहे. पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीचे मुख्यालय आपल्या पोलोग्राउंडलाच असल्याने तेच उदाहरण घेतो. मात्र पुढची रचना समजावण्यापुरती कल्पिलेली आहे, त्या कार्यालयातली नव्हे.

समजा, युनिटांवरून रक्कम काढणारा भाग लिहून झाला आहे, पण त्याला काम सांगणारा वरचा भाग अजून व्हायचा आहे. तेव्हा एक छोटा तात्पुरता प्रोग्राम लिहितात. तो १५० युनिट देतो, आलेली रक्कम अपेक्षित रकमेशी ताडतो. मग १५१ देतो, कारण दराचा टप्पा तिथे बदलत असेल तर चूक नेमकी तिथेच दडते. मग शून्य, मग उणे आकडा. हा ड्रायव्हर. रोज रात्री शेकडो उदाहरणे तो न कंटाळता तपासतो. केंट बेक आणि एरिक गामा यांच्या जेयुनिटसारख्या साधनांमुळे असे प्रोग्राम लिहिणे नित्याचे झाले.

स्टबची दिशा उलटी. बिल छापणारा भाग तयार आहे, पण ग्राहकांची नावे पुरवणारी नोंदवही जोडलेली नाही. तिच्या जागी स्टब बसतो. ग्राहक क्रमांक विचारला की आधी लिहून ठेवलेले नाव तो देतो. शोधत काहीच नाही. ‘नोंदवही बंद आहे’ असेही त्याच्याकडून हवे तेव्हा वदवता येते, आणि खऱ्या नोंदवहीकडून ते वदवणे कठीण असते.

ड्रायव्हरला ‘सूत्रधार’ म्हणावे, असे मला वाटते. पात्रांना बोलावणारा तोच. स्टबसाठी आमच्या गिरणगावातला ‘बदली’ हा शब्द सुचला होता, पण बदली कामगार साचा खरोखर चालवायचा. स्टब त्यापेक्षा वर्गातल्या प्रॉक्सीसारखा आहे: नाव पुकारले की ‘हजर’, पुढे काही विचारू नये. मात्र संगणकात प्रॉक्सी म्हणजे भलतेच काही, म्हणून स्टबला तूर्त स्टबच राहू द्यावे.

शब्दापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते स्टबच्या तोंडी काय घातले जाते हे. त्यात लिहिणाऱ्याचीच समजूत भरलेली असते. १९९९च्या सप्टेंबरात नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी गमावले गेले. जमिनीवरचा एक प्रोग्राम आवेगाचे आकडे पौंड-सेकंदांत देत होता आणि ते घेणारा त्यांना न्यूटन-सेकंद समजत होता. फरक सुमारे ४.४५ पटींचा. अशा ठिकाणी घेणाऱ्याने स्वतःच्या समजुतीने स्टब लिहिला, तर चाचणी बिनबोभाट पार पडेल. म्हणून दोन्ही खरे भाग जोडूनही तपासावे लागतात.

आपल्याकडे हाच प्रश्न अक्षरांचा होतो. स्टबमध्ये सगळी नावे शर्मा आणि वर्मा असली, तर चाचणी हिरवा कंदील दाखवते. हिंदी लेखनात ‘काळे’ सहज ‘काले’ होतात, हे इंदूरच्या मराठी घरांना सांगायला नको. ‘गोऱ्हे’ची अडचण आणखी सूक्ष्म आहे. युनिकोडमध्ये ऱ एका संकेताने लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता असे दोन संकेत जोडूनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण प्रोग्राम दोन्ही रूपे आधी एकसारखी करून घेत नसेल तर त्याच्या लेखी ती दोन माणसे. छापील बिल पाहून हे कळत नाही. नाव शोधायला गेले की ग्राहक सापडत नाही.

माझ्या विद्यार्थ्यांना मी स्टबसाठी एक छोटी यादी दिली आहे: काळे, दळवी, वाळिंबे, कुऱ्हाडे, दोन्ही संकेतांनी लिहिलेले गोऱ्हे, आणि एक नाव पूर्ण कोरे.