अनवाणी खेळू द्या, पण जागा पाहून

मूल पाऊल टाकू लागले की घरात पहिले बूट येतात. नाजूक पायांना आधार हवा, असा त्यामागचा समज असतो. प्रत्यक्षात निरोगी पावलाला चालायला शिकण्यासाठी बुटांची गरज नसते. बूट संरक्षणासाठी असतात.

पावलात 26 हाडे आणि तीसहून अधिक सांधे असतात. दाब आणि उंचसखलपणा टिपणाऱ्या संवेदी चेतातंतूंची तळव्यात दाटी असते. अनवाणी चालताना बोटे पसरतात, चवडा जमीन धरतो आणि तळव्यातील लहान स्नायू तोल सावरतात. जाड, ताठ तळाच्या बुटात या स्नायूंना काम कमी उरते. लंगडी किंवा मल्लखांब खेळताना हा व्यायाम आपोआप होतो.

राव आणि जोसेफ या भारतीय डॉक्टरांनी 4 ते 13 वर्षांच्या 2,300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत पादत्राणे वापरणाऱ्या 8.6 टक्के मुलांची पावले सपाट आढळली. अनवाणी मुलांमध्ये हे प्रमाण 2.8 टक्के होते. बंद बुटांपेक्षा चपला-सँडल वापरणाऱ्यांत ते कमी होते. एका पाहणीने कारण सिद्ध होत नाही, पण दिशा कळते.

लहान बाळाचे पाऊल सपाट दिसणे स्वाभाविक आहे. तळव्याची कमान साधारण सहा वर्षांपर्यंत हळूहळू घडते. चवड्यावर उभे राहिल्यावर कमान दिसत असेल आणि पाय दुखत नसेल, तर महागड्या खास बुटांची सहसा गरज नसते. पाय दुखत असेल, पाऊल ताठ असेल किंवा एकच पाऊल सपाट असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

अनवाणी म्हणजे कुठेही नव्हे. उघड्यावर शौच होते अशा ओल्या मातीतून अंकुशकृमीच्या अळ्या त्वचेवाटे शरीरात शिरतात. पुढे हे कृमी आतड्यात रक्त शोषतात आणि मूल फिकट, थकलेले दिसू लागते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा, तर शेतात आणि गवतात सर्पदंशाचा धोका असतो. उन्हाळ्यात दुपारच्या डांबरी रस्त्यावर तळवे भाजतात. अशा ठिकाणी पादत्राणे हवीतच. पायाची संवेदना कमी असलेल्या मुलांनीही अनवाणी फिरू नये.

घरातली फरशी, स्वच्छ अंगण, काचा-खिळे नसलेले मैदान येथे मुलांना खुशाल अनवाणी खेळू द्यावे. सवय नसेल तर थोड्या वेळापासून सुरुवात करावी. खेळून आल्यावर पाय धुऊन तळवे पाहावेत. धनुर्वाताची लस वेळेवर द्यावी आणि शाळा-अंगणवाडीत मिळणारी जंतांची गोळी चुकवू नये.

बूट घ्यायचेच, तर पुढे बोटांना ऐसपैस जागा असलेले, हलके आणि सहज वाकणारे घ्यावेत. वाढत्या पायासाठी म्हणून दोन मापे मोठे घेऊ नयेत. त्यात पाय सरकतो आणि मूल अडखळते.