कुलुपांतली पैठणी

आमचें कुटुंब निवर्तल्यावर तिचें कपाट तीन वर्षें बंदच होतें. सुनांना संकोच, आम्हांस धीर नाहीं. गेल्या चैत्रांत तें उघडलें, तों पैठणी घडीवरच तुटलेली, जर काळवंडलेली, शालीला कसर लागलेली! रेशमी वस्त्र सावलींत वारा देऊन अधूनमधून घडी बदलून ठेवावें, हें तीच आम्हांस सांगत असे. खालच्या खणांत गोधडीसाठीं जमविलेल्या जुनेरांचें गाठोडें, लोकरीचे गुंडे, आणि मण्यांचें एक अर्धवट तोरण.

दान, भोग आणि नाश अशा वित्ताच्या तीन गती भर्तृहरीनें सांगितल्या आहेत. हें आम्हीं वर्गांत जन्मभर शिकविलें. घरीं मात्र तिसरीच गति पत्करली.

मग धड लुगडीं गरजूंना दिलीं. जुनेरांचे थर घालून सुनांनीं धांवदोऱ्यानें गोधडी शिवावयास घेतली. तोरण नातीनें मागून घेतलें. तें पुरें होत आलें आहे. तुटकी पैठणी तेवढी आम्हीं ठेवली.

वाचकहो, गेलेल्या माणसाच्या वस्तु कुलुपांत घालणें म्हणजे त्या जपणें नव्हे. सुनांना वेळींच बोलावून कपाट उघडावें. आम्हांस तीन वर्षें उशीर झाला.