हायब्रिड मोटारीची काटकसर

धांवती मोटार थांबवितांना तिच्या गतींत सांठलेली शक्ति एरव्हीं ब्रेकच्या घर्षणानें उष्णता होऊन वाया जाते. १९९७ सालीं जपानांत विक्रीस आलेल्या टोयोटाच्या प्रायससारख्या, पेट्रोल व वीज या दोहोंवर चालणाऱ्या हायब्रिड गाडींत मात्र चाकेंच विजेच्या मोटरीस फिरवितात व झालेली वीज बॅटरींत जमा होते.

मग ब्रेक जितका अधिक दाबावा तितकी कमाई अधिक, असा पुष्कळांचा समज होतो. तो खरा नव्हे. गतीची वीज करतांना एकदां व विजेची पुन्हां गति करतांना एकदां, अशी दोन्ही वेळां दलाली द्यावीच लागते. यास्तव दूरवर लाल दिवा दिसतांच ॲक्सिलरेटरवरील पाय हलका करून गाडी आपल्याच वेगावर घरंगळूं देणें, हें सर्वांत किफायतशीर. ब्रेक लावणें भागच पडेल तेव्हां तो आधींपासून व हलक्या पायानें लावावा. एकदम दाबल्यास मोटरीस तेवढी शक्ति घेववत नाहीं आणि उरलेली पूर्ववत् उष्णतेच्या वाटेनें जाते.

उतारावर गाडी ‘न्यूट्रल’मध्यें टाकण्याची जुनी संवय येथें सोडलेलीच बरी, धोका तर आहेच, शिवाय प्रायस त्या स्थितींत बॅटरी भरीतच नाहीं. लांबलचक घाट उतरतांना बॅटरी भरून गेली म्हणजे वीज घेण्यास जागा उरत नाहीं. तेव्हां ‘बी’ ही खूण निवडून वेग इंजिनाकडूनच आवरून घ्यावा लागतो.