माल्व्हर्न ते ब्रिस्टल : शोषणमापनातील पुंजप्रकाश

पदार्थातून प्रकाश पाठवून त्याचा किती अंश शोषला गेला हे मोजणे ही रसायनशास्त्रातील व जीवशास्त्रातील नित्याची पद्धत असली, तरी तिच्या अचूकतेला प्रकाशाच्या कणरूपानेच एक मर्यादा घातलेली आहे. लेसर कितीही स्थिर असला, तरी ठरावीक वेळात त्यातून येणाऱ्या फोटॉनांची संख्या यदृच्छेने कमीअधिक होत राहते. सरासरीने १०,००० फोटॉन येत असतील, तर त्यांत साधारण १०० इतका चढउतार असतो, आणि यालाच शॉट नॉइज म्हणतात. मोजावयाचे शोषण एक टक्क्याहून कमी असेल, तर ते या चढउतारात बुडून जाते. प्रकाश वाढवला की सापेक्ष चढउतार घटतो, हे खरे. परंतु जिवंत पेशी किंवा नाजूक प्रथिने यांच्यावर प्रकाशाचा मारा वाढवल्यास नमुनाच बिघडतो, आणि म्हणून नमुन्यावर पडणाऱ्या प्रत्येक फोटॉनामागे किती माहिती हाती लागते, हा या विषयातील कळीचा प्रश्न ठरतो.

विशिष्ट स्फटिकात शिरलेल्या एका फोटॉनाचे कमी ऊर्जेचे दोन फोटॉन होतात आणि ते एकाच वेळी जन्मतात, हे बर्नहॅम व वाइनबर्ग यांनी १९७० मध्ये प्रयोगाने दाखवले होते. या जोडीतील एक फोटॉन मोजला, की दुसरा नमुन्याकडे निघाल्याची खात्री मिळते आणि मूळ संख्येविषयीची अनिश्चितता हिशोबातून वजा करता येते, हा विचार इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील जेकमन व रॅरिटी यांनी १९८६ मध्ये मांडला. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये जुळ्या प्रकाशशलाकांच्या तीव्रतांमधील फरक शॉट नॉइजच्या खाली आणला गेला, १९९१ मध्ये टॅपस्टर, सीवर्ड व रॅरिटी यांनी शोषणाचे प्रत्यक्ष मापन त्या मर्यादेपलीकडे नेले, तर १९९२ मध्ये पोल्झिक, कॅरी व किंबल यांनी संपीडित प्रकाश, म्हणजे ज्याच्या एका घटकातील चढउतार दुसऱ्याच्या मोबदल्यात कमी केलेला असतो असा प्रकाश, वापरून सीझियम अणूंचा वर्णपट तपासला.

त्यानंतरची वाटचाल मंदावली, आणि तिचे कारण सिद्धान्तात नसून उपकरणांत होते. फोटॉनांची संख्या नेमकी ठाऊक असेल, तर १० टक्के शोषणाच्या मापनातील प्रचरण, म्हणजे सरासरीपासूनच्या विचलनांच्या वर्गांची सरासरी, लेसरच्या तुलनेत एक दशांशावर येऊ शकते. मात्र भिंगे, गाळण्या व शोधक यांतही फोटॉन हरवतात, आणि हा ऱ्हास नमुन्यातील शोषणाहून वेगळा ओळखू येत नाही. नमुना जवळजवळ पारदर्शक असताना त्याच्यापुढच्या वाटेत निम्मे फोटॉन नाहीसे झाले, तर आदर्श लेसर व आदर्श शोधक यांच्यावर मिळणारी आघाडी पूर्णपणे संपते. म्हणून या क्षेत्रातील अनेक दाव्यांचे मोल ठरवताना तुलना कोणत्या लेसरशी, कोणत्या शोधकाशी केली आहे, हे आधी विचारावे लागते. तूरिन येथील ब्रिदा, जेनोव्हेजे व रुओ बेर्केरा यांनी २०१० मध्ये क्षीण शोषणाच्या वस्तूची प्रतिमा शॉट नॉइजखाली घेतली, हा महत्त्वाचा टप्पा होता. पण ही कसोटी तिच्या सर्वांत कठोर रूपात उत्तीर्ण झाली ती २०१७ मध्ये, ब्रिस्टल विद्यापीठात. तेथील मोरो, रॅरिटी, मॅथ्यूज व सहकाऱ्यांनी हवेने थंड केलेला, बाजारात मिळणारा सीसीडी कॅमेरा वापरून परिपूर्ण लेसर व शंभर टक्के कार्यक्षम शोधक यांच्यापेक्षाही प्रत्येक फोटॉनामागे १.४६ पट लाभ मिळवला. याचा अर्थ तेवढीच अचूकता साधण्यासाठी नमुन्यातून सुमारे ३२ टक्के कमी फोटॉन पुरतात. १९८६ च्या कल्पनेच्या एका जनकाचे नाव या शोधनिबंधावर असणे समाधानाचे आहे. त्याच वर्षी ब्रिस्टलमध्येच, वर्णपट जवळपास सारखा असलेल्या हिमोग्लोबिनच्या दोन प्रकारांवर एकेकट्या फोटॉनांनी मापन करण्यात आले.

पुढे त्याच विद्यापीठातील संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती मान्य करण्याचा त्यांचा प्रामाणिकपणा मोलाचा आहे : साधा लेसरप्रकाशच नमुन्यातून योग्य वेळा फिरवून नेला, तर तोही पुंजमर्यादेच्या बराच जवळ पोहोचतो. त्यामुळे फोटॉन-जोड्यांचे खरे क्षेत्र आता ज्या नमुन्यांतून प्रकाश अनेकदा फिरवता येत नाही, अशा नमुन्यांपुरते अधिक नेमके आखले गेले आहे.